‘पुनर्’ कोणाचे? : ‘पुनर्बाप्तिस्मा’ या शब्दाचा अर्थ आणि वापर

मराठीत ‘पुनर्’ हा उपसर्ग वरवर अगदी निरुपद्रवी दिसतो. पुनर्मुद्रण, पुनर्वसन, पुनर्भेट या शब्दांत तो केवळ ‘पुन्हा एकदा’ एवढेच सांगतो. ‘पुनर्विवाह’ या शब्दात मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. धोंडो केशव कर्वे आणि गोदूबाई यांचा विवाह १८९३ साली पुण्यात झाला. कर्वे विधुर होते आणि गोदूबाई विधवा. दोघांचेही ते दुसरे लग्न होते. पण त्या लग्नाला समाजाने ‘पुनर्विवाह’ म्हटले आणि त्याचा गदारोळ केला, तो गोदूबाईंच्या वैधव्यामुळे. विधुराने कुमारिकेशी लग्न केले असते तर तो नुसता ‘बिजवर’ ठरला असता आणि त्या लग्नाला कोणी ‘पुनर्’ जोडला नसता. म्हणजे हा उपसर्ग मोजणी करतो असे आपण समजतो, पण प्रत्यक्षात तो पुष्कळदा निवाडा देत असतो.

‘स्मृतिचित्रे’ किंवा पंडिता रमाबाईंचे लेखन वर्गात शिकवताना ‘बाप्तिस्मा’ हा शब्द येतो, आणि एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, की हा संस्कार एकदाच होतो की पुन्हा घेता येतो? या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाने माणसांचे बळी घेतले आहेत, पंथ फोडले आहेत, आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या घडणीलाही एका वळणावर दिशा दिली आहे. या प्रश्नाला चिकटलेला शब्द म्हणजे ‘पुनर्बाप्तिस्मा’. त्याच्या अर्थाचा आणि वापराचा मागोवा येथे घेण्याचा विचार आहे.

मूळ शब्द आणि न केलेले भाषांतर

‘बाप्तिस्मा’ हा शब्द ग्रीक आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ बुडवणे, बुचकळणे असा आहे. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने तो जवळजवळ मूळ रूपात ठेवला. कॅथॉलिक मराठीत त्यासाठी ‘स्नानसंस्कार’ हा सुबोध शब्द रूढ आहे. मूळ शब्द न भाषांतरता तसाच ठेवणे हा आळस नव्हता, तो एक तह होता. बाप्तिस्मा म्हणजे अंगभर पाण्यात बुडणे की कपाळावर पाणी शिंपडणे, याविषयी पंथापंथांत तीव्र मतभेद होते. श्रीरामपूर आणि कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगालीत या शब्दासाठी ‘बुडवणे’ या अर्थाचा देशी शब्द योजला, तेव्हा १८३०च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला साहाय्य करण्याचे नाकारले. बॅप्टिस्टांना १८४० साली स्वतंत्र भाषांतर संस्था काढावी लागली. परका शब्द तसाच ठेवला की पाणी किती, हा प्रश्न उघडा राहतो आणि सर्वांना एकच पुस्तक वापरता येते. आपल्या ‘बाप्तिस्मा’ या शब्दाचा परकेपणा असा सोयीचा आहे.

पाणी किती, यापेक्षाही जुना प्रश्न मात्र कितीदा, हा आहे.

‘पुन्हा’ की ‘पहिल्यांदाच’?

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे हा वाद पहिल्यांदा जोराने उफाळला. मुख्य चर्चपासून फुटलेल्या पंथांत बाप्तिस्मा घेतलेली माणसे परत येऊ लागली, तेव्हा त्यांना तो पुन्हा द्यावा काय? रोमचा बिशप स्टीफन म्हणे, देऊ नये; हात ठेवून स्वीकार करावा. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इ. स. २५६ची तेथील धर्मसभा यांचे मत वेगळे होते. सिप्रियनचा युक्तिवाद शब्दाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. तो म्हणे, आम्ही त्यांना ‘पुन्हा’ बाप्तिस्मा देतच नाही. चर्चबाहेर बाप्तिस्मा असूच शकत नाही. तेव्हा त्यांचा जो झाला तो नव्हताच, आणि आम्ही देतो तोच पहिला. ज्याच्यावर ‘पुनर्’चा आरोप येतो त्याने तो उपसर्गच नाकारायचा, ही रीत येथून सुरू होते.

पुढे डोनाटस-पंथीयांच्या वादात ऑगस्टीनने उलट बाजू पक्की केली. संस्काराची शुद्धता तो देणाऱ्या पुरोहितावर अवलंबून नसते, कारण तो ख्रिस्ताचा असतो. सैनिकाच्या अंगावर गोंदलेली सम्राटाची खूण तो पळून गेला तरी पुसत नाही, आणि परत आल्यावर ती पुन्हा गोंदत नाहीत, तसेच हे. कॅथॉलिक चर्चची ‘न पुसणाऱ्या मुद्रेची’ कल्पना याच विचारातून आली. पुढच्या काळात गोव्यातील धर्मसमीक्षण न्यायालयाची (१५६०–१८१२) सत्ता बाप्तिस्मा झालेल्यांवर चालत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मुद्रेची दुसरी बाजू दिसते. जे पुसता येत नाही त्यातून सुटताही येत नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन कायद्याने पुनर्बाप्तिस्मा देणाऱ्याला देहदंड सांगितला, आणि तो जस्टिनियनच्या संहितेत गेला. एका उपसर्गाला आता फाशीचे बळ आले होते. ते अकराशे वर्षांनी वापरले गेले.

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही तरुण एका घरात जमले. कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉक या धर्मगुरूला बाप्तिस्मा दिला आणि ब्लाउरॉकने मग इतरांना. हे सर्व जण तान्हेपणी बाप्तिस्मा झालेले होते. त्यांचे म्हणणे असे, की ज्याला अजून विश्वास म्हणजे काय हे कळत नाही त्याच्या डोक्यावर ओतलेले पाणी हा बाप्तिस्मा नव्हे. विरोधकांनी त्यांना ग्रीक ‘अना’ म्हणजे ‘पुन्हा’ हा उपसर्ग लावून ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हटले, जर्मनमध्ये ‘वीडरटॉयफर’. ते स्वतःला नुसते ‘बंधू’ म्हणत. नावाचा प्रश्न इथे केवळ नावाचा राहिला नाही. ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’ असे म्हणताच ते त्या जुन्या रोमन कायद्याच्या कक्षेत आले. झुरिकच्या नगरसभेने १५२६ साली या कृत्यासाठी बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली, आणि ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ याला लिमाट नदीत बुडवण्यात आले. ज्याने पाण्यासाठी हट्ट धरला त्याला पाणीच शिक्षा म्हणून दिले गेले. १५२९च्या श्पायरच्या साम्राज्यसभेने हा देहदंड सर्व साम्राज्याला लागू केला. १५३४–३५मध्ये म्युन्स्टर शहरात एका उग्र गटाने मांडलेल्या रक्तपातामुळे हे नाव आणखी काळवंडले. मेनोनाइटांसारखे त्यांचे शांततावादी वारस ते ओझे शतकानुशतके वाहत राहिले.

२००४ साली झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चने या छळाबद्दल जाहीर क्षमा मागितली. जर्मन इतिहासकारांनीही पुढे ‘वीडर’ हा उपसर्ग गाळून ‘टॉयफर’, म्हणजे ‘बाप्तिस्मा देणारे’, एवढाच शब्द पत्करला. उपसर्ग गाळणे हाही इतिहासलेखनातला न्याय असतो.

१८१२ : कलकत्ता आणि मुंबई

या वादाचा धागा मराठी मुलखाशी कसा जुळतो, हे आमच्याकडे फारसे सांगितले जात नाही. विल्यम केरीला आपण मराठी व्याकरणकार (१८०५) आणि कोशकार (१८१०) म्हणून ओळखतो. इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या दृष्टीने केरीही दोनदा बाप्तिस्मा घेतलेलाच होता. तान्हेपणी अँग्लिकन चर्चमध्ये त्याचा एक बाप्तिस्मा झाला होता, आणि १७८३ साली नॉर्थम्प्टनच्या नेन नदीत त्याने दुसरा घेतला. त्याच्या लेखी अर्थातच नदीतला तेवढाच खरा.

१८१२ साली अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले. अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि लूथर राइस हे ते पाच तरुण. हे सर्व बालबाप्तिस्मा मानणाऱ्या काँग्रिगेशनल पंथाचे होते. श्रीरामपुरात बॅप्टिस्टांशी गाठ पडणार, तेव्हा त्यांच्या मताचे खंडन करता यावे म्हणून जडसनने बोटीवर त्या विषयाचा अभ्यास आरंभला. अभ्यासाअंती त्याचेच मत फिरले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्याच्या लाल बाजार चॅपेलमध्ये विल्यम वॉर्डने जडसन पतिपत्नीला बुडवून बाप्तिस्मा दिला. जडसनचे वडील स्वतः काँग्रिगेशनल धर्मोपदेशक होते, हे लक्षात घेतले तर या निर्णयाची घरगुती किंमतही कळते. काही आठवड्यांनी राइसनेही तेच केले. ज्या बोर्डाने पैसे देऊन पाठवले त्याच्याशी दोघांनाही संबंध तोडावा लागला. जडसन ब्रह्मदेशात गेला. राइस अमेरिकेत परतला आणि तेथे बॅप्टिस्टांची मिशनरी संघटना उभी करू लागला.

हॉल आणि नॉट मात्र आपल्या बालपणीच्या बाप्तिस्म्यावर राहिले. ते फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला उतरले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. त्या मिशनचे अहमदनगर केंद्र १८३१चे. नारायण वामन टिळकांचा १० फेब्रुवारी १८९५चा बाप्तिस्मा याच मिशनमधला. ते दोघेही कलकत्त्याच्या त्या चॅपेलमध्ये गेले असते तर नगर-राहुरीचा मराठी ख्रिस्ती इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हे सांगता येणार नाही. त्या इतिहासाच्या उंबरठ्यावर पुनर्बाप्तिस्म्याचा प्रश्न उभा होता, एवढे मात्र खरे.

आपल्या शास्त्रातले ‘पुनः’

येथे आपल्या परंपरेतील एक तुलना उद्बोधक ठरते. धर्मशास्त्रात ‘पुनरुपनयन’ आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या भांडारकर संस्थेने प्रकाशित केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची चर्चा सापडते. नकळत मद्याचा संपर्क झालेले अन्न खाल्ले अशा काही दोषांत द्विजाने पुन्हा संस्कार करून घ्यावा असे मनुस्मृती सांगते. या दुसऱ्या वेळी मुंडन, मेखला, दंड, भिक्षा यांची गरज नाही असेही ती सांगते. म्हणजे दुसरा संस्कार दुसरा आहे, हे शास्त्र मोकळेपणाने मान्य करते. काही विधी वगळून ते त्याच्या दुसरेपणाची नोंदही ठेवते. ख्रिस्ती वादात दोनच मार्ग दिसतात. पहिला बाप्तिस्मा खरा असेल तर दुसरा अशक्य, आणि दुसरा खरा असेल तर पहिला झालाच नव्हता. धर्मशास्त्राला तिसरी वाट ठाऊक आहे. पहिला संस्कार खराच होता, पण तो मळला, म्हणून पुन्हा.

ही वाट सर्वांना मोकळी होती असे मात्र समजू नये. १८४३–४४मध्ये श्रीपत शेषाद्री हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहून परत आला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरी त्याला प्रायश्चित्त देऊन घेण्याच्या प्रयत्नात बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. पुण्यात १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला, तर रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न पुढे दोन वर्षे गाजला. ‘पुन्हा शुद्ध’ होण्याची तरतूद ग्रंथात होती. ती कोणाला द्यायची हे ठरवणारे वेगळे होते.

१९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यातील अनेक ख्रिस्ती गावड्यांची शुद्धी केली. त्यांच्या पूर्वजांचा मूळ समाज हिंदू होता. म्हणजे गणिताने ते ‘पुन्हा’ हिंदू झाले. पण लोकव्यवहारात त्यांना नाव पडले ‘नवहिंदू गावडे’. चर्चच्या सिद्धांतानुसार त्यांच्यातील बाप्तिस्मा झालेल्यांची मुद्रा पुसली जाणारच नव्हती, आणि इकडे हिंदू समाजाने ‘नव’ची दुसरी मुद्रा उमटवली. १९५६नंतर ‘नवबौद्ध’ या शब्दाचे तेच झाले. ज्यांना तो लावला जातो त्यांतील अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे; आम्ही बौद्ध आहोत, ‘नव’ कशाला, असे त्यांचे म्हणणे. उपसर्ग लावणारा बहुधा दाराच्या आत असतो आणि तो ज्याला लागतो त्याला उंबरठ्यावर थांबवून ठेवतो.

रमाबाई : एक पाणी, एक आग

चहाचे प्रकरण घडले त्याच सुमारास, नोव्हेंबर १८९०मध्ये, पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला होता, सोबत लहानग्या मनोरमेचाही. एकाच दिवशी, एकाच पाण्याने, विचार करून आलेली पंडिता आणि काहीच न कळणारे मूल या दोघींना संस्कार मिळाला. झुरिकमधल्या तरुणांनी जो भेद केला असता तो या एका दृश्यात समोरासमोर उभा आहे.

पाणी पडले म्हणून रमाबाईंचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चची सत्ता यांवर त्या सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुरोहितांचे एक जोखड नुकतेच उतरवून ठेवल्यावर दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, हे त्यांनी १८८५ साली स्पष्ट कळवले. पुढे आपल्या आत्मनिवेदनात (१९०७) त्यांनी सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले, की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. या बदलास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र कारणीभूत झाले. हा गृहस्थ अनेक वर्षे प्रवचने देत होता आणि अखेर व्यासपीठावर स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे परिवर्तन झाले.

या ठिकाणी एखादा ॲनाबॅप्टिस्ट म्हणाला असता, मग १८८३चे पाणी फोल होते, चला नदीवर. रमाबाईंच्या निवेदनाचा रोख तसा नाही. त्यांनी दुसऱ्या घटनेला दुसरे नाव दिले आणि पहिल्या संस्काराशी तिची झुंज लावली नाही.

मग २९ जून १९०५ आला. केडगावच्या मुक्ती मिशनमधील प्रार्थनेच्या लाटेत मुलींना आपल्या अंगात आग पेटल्याचा अनुभव येऊ लागला. एकीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी विझवण्यासाठी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीकत त्या वेळच्या निवेदनांत आहे. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली याच अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘पवित्र आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा’ असा आहे. ते चिलीतील हूव्हर दाम्पत्याच्या हाती पडले आणि १९०९पासूनच्या तेथील पेंटेकॉस्टल चळवळीला त्याने चालना दिली. पुणे जिल्ह्यातल्या एका आश्रमातून निघालेला शब्द असा दक्षिण अमेरिकेत पोचला.

शब्दाच्या अभ्यासकाला यात मोठा मुद्दा सापडतो. मुक्तीतील ज्या मुलींचा पाण्याचा बाप्तिस्मा आधी झाला होता, त्यांच्याबाबत ‘बाप्तिस्मा’ हा शब्द आता दुसऱ्यांदा वापरला गेला. तरीही त्याला कोणी पुनर्बाप्तिस्मा म्हटले नाही. म्हणजे ‘पुनर्’ हे केवळ संख्येवरून ठरत नाही. दुसऱ्या घटनेने पहिलीचे प्रामाण्य हिरावून घेतले, तरच तो शब्द ओठांवर येतो.

टिळकांनी आणखी वेगळे पाऊल उचलले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना जागा ठेवली. एकदा की दोनदा, या प्रश्नाऐवजी त्यांनी बिनबाप्तिस्म्याच्या शिष्याला आत बसवले. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले आणि तो दरबार वाढला नाही. प्रश्न मात्र त्यांनी अचूक जागी ठेवला होता.

नागपूर ते आज

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यात बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसेच केवळ जाणत्या विश्वासूला बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि चर्च ऑफ द ब्रेदरनही. या ब्रेदरन पंथाचा आरंभ १७०८ साली जर्मनीत एका नदीतील बाप्तिस्म्याने झाला होता आणि त्याची विचारपरंपरा ॲनाबॅप्टिस्टांशी जोडलेली. आपल्याकडे त्यांचे काम डहाणूच्या बाजूला होते. ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांना पाण्यात बुडवले, ते मराठी भूमीवर एका छताखाली बसले, आणि दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य झाल्या. १९८२ साली लिमा येथे जागतिक चर्च परिषदेच्या धर्मपंडितांनी केलेल्या निवेदनात, ज्याचा अर्थ पुनर्बाप्तिस्मा असा होईल अशी रीत टाळावी, असे आवाहन आहे. ‘ज्याचा अर्थ तसा होईल’ ही सावध शब्दयोजना बोलकी आहे. कोणाच्या नजरेने अर्थ लावायचा, हाच तर जुना वाद.

कॅथॉलिक चर्चमध्ये संशय असेल तेथे ‘झाला नसेल तर’ अशी अट घालून बाप्तिस्मा देतात. व्याकरणातला संकेतार्थ येथे संस्काराचा भाग होतो. २०२० साली रोमने जाहीर केले, की ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ याऐवजी ‘आम्ही’ म्हटले गेले असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही. २०२२मध्ये अमेरिकेतील फिनिक्स धर्मप्रांतात एका धर्मगुरूने वर्षानुवर्षे ‘आम्ही’ म्हटल्याचे उघड झाले आणि हजारो माणसांचा संस्कार एका सर्वनामामुळे रद्द ठरला. त्यांना तो नव्याने घ्यावा लागला. अर्थात कोणी त्याला ‘पुन्हा’ म्हटले नाही. सिप्रियनचा तर्क साडेसतराशे वर्षांनी जसाच्या तसा हजर झाला.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. बाप्तिस्मा पुन्हा घेता येतो का? बहुतेक सर्व ख्रिस्ती परंपरांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि गंमत अशी की ज्यांना पुनर्बाप्तिस्मावाले म्हटले गेले त्यांचेही तेच. बाप्तिस्मा एकच, यावर कोणाचे दुमत नाही; तो एक कोणता, यावर आहे. म्हणून ‘अमक्याने पुनर्बाप्तिस्मा घेतला’ असे वाक्य आपण लिहितो तेव्हा नकळत एका पक्षाकडून साक्ष देतो. लिहायचेच असेल तर ‘विरोधक ज्याला पुनर्बाप्तिस्मा म्हणत’ असे लिहावे. चार शब्द जास्त लागतील. हीच काळजी ‘पुनर्विवाह’, ‘नवबौद्ध’, ‘बाटगा’ यांसारख्या शब्दांबाबत घ्यावी लागते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला धर्मशास्त्रातला निवाडा देता येणार नाही, आणि देऊही नये. पण शब्द कोणाच्या तोंडचा आहे हे विचारल्यावाचून तो आपल्या वहीत उतरवू नये, एवढे त्याला शिकवणे आमच्या हाती आहे.